शाळेची परसबाग आणि मुलांचे वाचन-लेखन

प्राथमिक शाळेच्या आवारात भाजीपाल्याची बाग असावी, हा विचार आता शासनदरबारीही मान्य झालेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि शाळेच्या आहारात ताजी भाजी यावी, मुलांना पोषणाचे ज्ञान मिळावे, असा हेतू त्यात सांगितला. आपल्याकडे अशा बागेला ‘परसबाग’ हा जुना, घरगुती शब्द रूढ आहे. वसईच्या वाड्यांपासून डहाणू-तलासरीच्या पाड्यांपर्यंत अनेक शाळांत आज चार-दोन वाफे दिसतात. तेथे मेथी, मुळा, लाल माठ होतो, तो खिचडीत वा आमटीत पडतो आणि मुले आनंदाने खातात. हे सारे चांगलेच आहे. परंतु याच वाफ्यांचा उपयोग करून पहिली ते चौथीच्या मुलांना वाचता-लिहिता करता येते, याकडे मात्र अद्याप फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा तपशिलाने विचार करावयाचा आहे.

प्रश्न किती गंभीर आहे, हे आधी पाहू. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ १६.३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर आले. सुधारणा निश्चितच आहे. तरीही चारांपैकी तीन मुले मागे आहेत, हे विसरून चालणार नाही. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवून २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले, ते याच चिंतेतून. जे मूल तिसरीपर्यंत वाचू लागत नाही, त्याला पुढे परिसर अभ्यास, गणित, इतिहास हे सर्वच विषय परके होतात. ते वर्गात बसते, फळ्यावरचे उतरवून घेते आणि गप्प राहते. पुढे शाळा सोडणाऱ्या मुलांमध्ये अशा गप्प मुलांचा भरणा मोठा असतो, हे शिक्षकांना ठाऊक आहे.

या मुलांना अक्षरे अजिबात येत नाहीत असे नसते. पुष्कळ मुले बाराखडी घडाघडा म्हणतात, धडाही म्हणून दाखवतात. परंतु ओळीवर बोट ठेवून ‘येथे काय लिहिले आहे?’ असे विचारले की थबकतात. अक्षर, आवाज आणि अर्थ हे तिन्ही त्यांच्या मनात एकत्र आलेले नसतात. पाठ्यपुस्तकातील आगबोट वा राजवाडा त्यांनी कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे शब्द उच्चारला तरी मनात चित्र उभे राहत नाही. बागेत क्रम उलटा होतो. तेथे वस्तू आधी हाताला लागते आणि शब्द मागाहून येतो. ज्या मुलाने मुळा उपटला आहे, त्याला ‘मुळा’ हा शब्द वाचताना अर्थ शोधावा लागत नाही. त्याचे सारे लक्ष अक्षरांकडे राहू शकते.

हा विचार नवा नाही. ब्राझीलमधील कॅथलिक शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये अँजिकोस या गावी सुमारे तीनशे निरक्षर श्रमिकांना सुमारे चाळीस तासांच्या वर्गांत वाचायला शिकवले. त्यासाठी त्यांनी श्रमिकांच्या रोजच्या जगण्यातील मोजके शब्द निवडले. विटेला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, तो तीन अवयवांत फोडायचा आणि प्रत्येक अवयवाची ‘त, ते, ति, तो, तु’ अशी मालिका मांडायची, ही त्यांची रीत. आपल्या बाराखडीशी तिचे साम्य पाहून कौतुक वाटते. फरक इतकाच की, फ्रेरे बाराखडीच्या आधी वीट ठेवत आणि आपण बहुधा वीट विसरून जातो.

आणि ब्राझीलपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्याच पालघर जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे काम केले, ते साऱ्या देशाने पाहिले. परदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधने बाजूला ठेवून त्यांनी पाने, फुले, बिया, खडे, शिंपले यांनाच साधन केले. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. शाळेची परसबाग हे त्याच वाटेवरचे एक पाऊल आहे.

मराठी लिपी आणि भाजीचा वाफा

बागेतील शब्द मराठी लिपी शिकवण्यास किती अनुकूल आहेत, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. काना-मात्रा-वेलांटी नसलेले शब्द पहिलीच्या आरंभी लागतात. बागेत ‘खत’, ‘नळ’, ‘फळ’, ‘गवत’ आहेत, आणि ‘पडवळ’ हा चार अक्षरांचा लांबलचक शब्दही आहे. वेलाला लोंबणाऱ्या पडवळासारखाच लांब आणि तरीही एकही चिन्ह नसलेला हा शब्द पहिल्यांदा स्वतः वाचता आला, की मुलाला केवढा पराक्रम केल्यासारखे वाटते! पुढे ‘वाल’, ‘माठ’, ‘पान’, ‘मका’, ‘वाफा’ यांतून काना येतो. ‘माती’, ‘पाणी’, ‘काकडी’, ‘मिरची’ यांतून वेलांटी, ‘मुळा’ आणि ‘अळू’ यांतून उकार, ‘वेल’ आणि ‘मेथी’ यांतून मात्रा, ‘रोप’, ‘कोबी’, ‘दोडका’, ‘भोपळा’ यांतून काना-मात्रा येते. अनुस्वाराची तर रेलचेल आहे: शेंग, भेंडी, वांगे, कांदा, कोंब, मुंगी, गांडूळ. दोन मात्रांसाठी मात्र बागेला थोडे ताणावे लागते. ‘चौकोनी वाफा’ आणि शेण देणारी ‘म्हैस’ यांच्यावर वेळ निभावते.

जोडाक्षरे हा मराठी मुलांचा खरा अडथळा. पाठ्यपुस्तकात ती एका पाठापासून एकाएकी भेटतात. बागेत ती बोलण्याच्या ओघात येतात, कारण मराठीत नामाला प्रत्यय लागला वा अनेकवचन झाले की अक्षरे जोडली जातात. वाफा, पण वाफ्यात. मुळा, पण मुळ्याचा पाला. एक काकडी, पाच काकड्या. एक भेंडी, दहा भेंड्या. एक मिरची, पुष्कळ मिरच्या. शिक्षिकेने ‘आज किती काकड्या निघाल्या?’ असे विचारून उत्तर फळ्यावर लिहिले, की ‘डी’चे ‘ड्या’ कसे झाले हे मुलांना डोळ्यांनी दिसते. ‘मुळाचा रंग’ आणि ‘मुळ्याचा रंग’ यांत काय भेद, हे मुळा उपटून हातात धरल्यावर समजावून सांगावे लागत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच. ‘फूल’ लिहिताना दीर्घ ऊकार आणि ‘फुले’ लिहिताना ऱ्हस्व. ‘मूळ’ पण ‘मुळे’. ‘गांडूळ’ पण ‘गांडुळे’. शुद्धलेखनाचा हा नियम मोठ्यांनाही चुकवतो. तिसरी-चौथीच्या मुलांकडून बागेतील अशा शब्दांच्या जोड्या गोळा करून घेतल्या, तर चार-पाच उदाहरणांनंतर नियम ती स्वतःच सांगू लागतात. वचन आणि लिंग यांचा सराव वेगळा घ्यावा लागत नाही. ते कारले, ती कारली. तो दोडका, ते दोडके. ती शेंग, त्या शेंगा.

‘ळ’ आणि ‘ण’ या दोन अक्षरांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. आपल्या किनारपट्टीवरील आगरी, कोळी यांसारख्या बोलींत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वहीत ‘पाणी’ लिहायचे असते, तेव्हा ते कानावर विसंबून राहू शकत नाही. त्याने तो शब्द पुनःपुन्हा डोळ्यांनी पाहायला हवा. भोपळा, चवळी, मुळा, अळू, पडवळ, कळी, फळ, गांडूळ – ‘ळ’ने भरलेली एवढी मोठी आणि रोजच्या नजरेतली यादी दुसरीकडे क्वचितच सापडेल. प्रत्येक वाफ्याशी ठळक अक्षरांत पाटी लावली, म्हणजे येता-जाता ती अक्षरे डोळ्यांत ठसतात. या पाट्या शिक्षकांनी रंगवून आणू नयेत. मुलांनी लिहाव्यात, पावसाने पुसल्या की पुन्हा लिहाव्यात. पुसल्या जाणे हा येथे लाभच आहे.

घरचा शब्द, पुस्तकाचा शब्द

आपल्या भागातील शाळेत एकाच बाकावर किती भाषा बसतात! वसईच्या गावांत सामवेदी आणि वाडवळी, किनाऱ्यावर कोळी, पूर्वेकडील पाड्यांवर वारली आणि कातकरी, सीमेजवळ गुजराती, तर नालासोपारा-विरारच्या वस्त्यांत खानदेश-विदर्भातून आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे. या मुलांच्या दृष्टीने पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही कमीअधिक प्रमाणात दुसरीच भाषा असते. ‘तुझा शब्द चुकीचा आहे’ असे पहिल्याच महिन्यात ऐकलेले मूल पुढे तोंड उघडत नाही. वर उल्लेख केलेल्या गप्प मुलांपैकी कित्येक येथेच गप्प झालेली असतात.

बाग या बाबतीत फार उपयोगी पडते. कारण भाजीची नावे गावागावाला बदलतात, हे कोणालाच चुकीचे वाटत नाही. कोकणात जे शिराळे, ते घाटावर दोडका. आपण घोसाळे म्हणतो, खानदेशी आई गिलके म्हणते. तांबडा भोपळा कोणाकडे डांगर होतो. दुधीला हिंदी भाषक घरात लौकी म्हणतात. एका वेलाखाली उभे राहून ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ असा प्रश्न विचारला, की सर्वांत अबोल मुलालाही उत्तर देता येते आणि ते उत्तर दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. ही सारी नावे एका मोठ्या कागदावर उभ्या रांगांत लिहावीत: भाजीचे चित्र, घरची नावे आणि शेवटी पुस्तकातील नाव. वर्षभरात वर्गाचा स्वतःचा छोटा शब्दकोश तयार होतो. त्यात वारली शब्द देवनागरीत लिहिलेला पाहून त्या मुलाला काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुस्तकाचा शब्द त्यानंतर शिकवावाच. तो शिकवला नाही, तर मुलाचे नुकसान होईल. परंतु घरच्या शब्दावर काट मारून तो शिकवता येत नाही.

आजी-आजोबांनाही येथे स्थान आहे. वसईच्या वाड्यांत केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. शेती घटली, इमारती उभ्या राहिल्या. या वृद्धांना वाफा कसा बांधावा, पाट कसा काढावा, मांडव कशाचा घालावा याचे ज्ञान आहे, आणि ते कोठेही लिहिलेले नाही. त्यांना शाळेत बोलावून मुलांनी प्रश्न विचारावेत व उत्तरे लिहून घ्यावीत. चौथीच्या मुलाला यापेक्षा खरे लेखनकार्य कोणते देणार? वृद्ध स्वतः निरक्षर असले तर अधिकच चांगले. आपण सांगितलेले कागदावर उतरते आणि नातू ते वाचून दाखवतो, हे त्यांनाही एकदा अनुभवू द्यावे.

वही बागेत कशी न्यावी

बाग असूनही भाषा येत नाही, असे अनेकदा दिसते. मुले पाणी घालतात, गवत काढतात, हात धुऊन वर्गात येतात आणि शिक्षक पुस्तकाचा पुढचा पाठ काढतात. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी राहतात, एकमेकींना भेटत नाहीत. वाफा आणि वही यांची गाठ मुद्दाम घालून द्यावी लागते.

पहिलीत मुले बोलतात आणि शिक्षक लिहितात. बागेतून आल्यावर वर्तुळात बसावे आणि काय पाहिले ते एकेकाने एका वाक्यात सांगावे. शिक्षकाने ते मुलांच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहावे: ‘मेथी उगवली. चवळीचे पान किड्याने खाल्ले. माती ओली होती.’ नंतर बोट फिरवत सर्वांनी ते वाचावे. आपणच बोललेले वाक्य असल्याने पुढचा शब्द कोणता येणार हे मुलाला ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्या शब्दाशी अक्षरे जुळवणे सोपे जाते. दुसऱ्या दिवशी वाक्यांच्या पट्ट्या कापाव्यात, तिसऱ्या दिवशी शब्दांच्या, आणि त्या पुन्हा जुळवायला द्याव्यात.

दुसरीपासून प्रत्येक मुलाची बागेची वही असावी. तीत तारीख, हवामान, एक चित्र आणि दोन वाक्ये पुरेत. येथे पिकांची निवड महत्त्वाची ठरते, कारण लहान मुलाचा धीर तोकडा असतो. मेथी आणि मुळा तीन-पाच दिवसांत उगवतात. मेथी महिन्याभरात खुडायला येते, मुळा साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. लाल माठही महिन्यात होतो. त्याचे बी इतके बारीक की कोरड्या मातीत वा वाळूत मिसळून पेरावे लागते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाकी कराव्या लागतात आणि उगवायला आठवड्याहून अधिक काळ लागतो. ‘अजून उगवली नाही’ हे वाक्य मुले सलग चार दिवस लिहितात आणि पाचव्या दिवशी काय लिहितील, याची वाट शिक्षकालाही असते! वाल आणि मका शेजारी पेरले तर एकाला आरंभी दोन जाड दले, दुसऱ्याला एकच पाते. तुलना करणारी वाक्ये आपोआप सुचतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर काकडी, शिराळी, पडवळ, भेंडी घ्यावी, पालेभाज्या मात्र दिवाळीच्या सुटीनंतर. आपल्याकडील मुसळधार पावसात कोवळी मेथी टिकत नाही, आणि पहिलाच वाफा सडला तर वहीही बंद पडते.

तिसरी-चौथीला लेखनाचे प्रकार वाढवावेत. बियाण्याच्या पाकिटावरील बारीक मजकूर वाचून त्यावरची उगवणक्षमता आणि अंतिम तारीख शोधणे हे वाचनाचे उत्तम काम आहे. ते खऱ्या जगातील वाचन आहे आणि चुकले तर पीक येत नाही. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना ‘उद्या दोन किलो भेंडी मिळेल’ अशी चिठ्ठी लिहिणे, फाटकावर ‘कळ्या तोडू नयेत’ अशी सूचना लावणे, शेजारच्या शाळेला बी मागणारे पत्र पाठवणे, मुळ्याच्या कोशिंबिरीची कृती क्रमवार लिहिणे. या प्रत्येकाला खरा वाचक आहे. पेन हातात घेताना ‘हे कोण वाचणार?’ या प्रश्नाला मुलापाशी उत्तर असावे. निबंधाच्या वहीत ते बहुधा नसते.

काही सावधगिरीच्या गोष्टी

बागेमुळे अक्षरे आपोआप येत नाहीत. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध क्रमाने, रोज, स्पष्टपणे शिकवावाच लागतो. बाग त्या शिकवण्याला अर्थ आणि साहित्य पुरवते, त्याची जागा घेत नाही. ‘मुले निसर्गातून शिकतात’ असे म्हणून शिक्षकाने हात झटकले, तर ज्या मुलांच्या घरी पुस्तक नाही तीच मागे पडतील.

दुसरे, बागकाम ही शिक्षा होता कामा नये. गृहपाठ न करणाऱ्याला गवत काढायला पाठवणे ही रीत काही ठिकाणी आढळते. असे झाले की बाग मुलाच्या मनातून कायमची उतरते. ज्यांचे आईवडील दिवसभर दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करतात, त्या कुटुंबांना ‘मुलांना आम्ही शाळेत शिकायला पाठवतो, राबायला नाही’ असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांना मुलाची वही दाखवावी. पाणी घालणे मुलींनी आणि कुदळ मारणे मुलांनी, अशी वाटणीही नसावी. आठवड्याला दोन तासिका पुरेशा आहेत, आणि त्यांतील निम्मा वेळ लेखन-वाचनाचा असावा.

तिसरे, बागेच्या वहीत लाल शाईचा पूर असू नये. मुलाने ‘भेडी उगली’ लिहिले, तर खाली शिक्षकाने ‘हो, भेंडी उगवली! किती पाने आली?’ असे लिहून द्यावे. शुद्ध रूप नजरेस पडते आणि संभाषण चालू राहते. वही महिनाभर चाळल्यास कोणाचा अनुस्वार अजून सुटतो, कोण एका वाक्यावरून चारांवर गेले, हे स्पष्ट कळते. परीक्षेच्या गुणांपेक्षा ही नोंद पालकांनाही लवकर समजते.

शहरी शाळांत जागा नसते, ही अडचण खरी आहे. पण अक्षरओळखीसाठी एकर जमीन लागत नाही. गच्चीवर वा व्हरांड्यात ऊन येत असेल तर जुन्या बादल्या, तेलाचे डबे, माती भरलेली पोती पुरतात. दहा मुलांमागे दोन कुंड्या असल्या तरी वहीत लिहायला रोज काहीतरी असते. मे महिन्याच्या सुटीत मात्र बाग जगवण्याचा अट्टाहास करू नये. एप्रिलमध्ये भेंडी, चवळी, वाल यांच्या काही शेंगा वेलीवर-झाडावर पूर्ण वाळू द्याव्यात, बी काढून राखेत घोळवावे आणि कागदी पुड्यांत भरावे. प्रत्येक पुडीवर भाजीचे नाव, तारीख आणि बी काढणाऱ्या मुलाचे नाव त्यानेच लिहावे. जूनमध्ये नव्या पहिलीला या पुड्या आणि वर जाणाऱ्या वर्गाच्या बागेच्या वह्या द्याव्यात. नवागतांना त्यातले सारे वाचता येणार नाही, पण ‘वाल’ आणि ‘मका’ एवढे बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत वाचता येईल.